खड्ड्यातले मैदान: दोन पावसाळे वापरल्यानंतरचे परीक्षण

सांगलीत पावसाळ्यातील पाण्याची चौकशी एकाच प्रश्नाने होते: “आयर्विनला किती फूट?” म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढले? ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी येथे शाळकरी मुलांनाही पाठ असते आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेल्यापासून तर हा प्रश्न विचारणाऱ्याचा स्वर आपोआप खाली येतो. आमच्या वसाहतीचे दुखणे मात्र नदीचे नव्हते. कृष्णा निवांत पात्रात असताना, मेअखेरच्या एखाद्या संध्याकाळी वळवाचा ढग उठावा, तासभर कोसळून निघून जावा आणि आमच्या खालच्या दोन गल्ल्यांत रात्री दहापर्यंत गुडघाभर पाणी उभे राहावे, हा पंधरा वर्षांचा शिरस्ता होता. त्या पाण्यासाठी आम्ही वसाहतीच्या खुल्या जागेत पावसात पाणी धरणारे आणि एरवी खेळायला, बसायला, फिरायला मिळणारे एक खोलगट मैदान करून घेतले. त्याला आता दोन पावसाळे झाले. सांगली-मिरजेतील इतर वसाहतींची मंडळी ते पाहून जातात आणि ‘आम्हीही करावे का’ असे विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ज्या सल्लागार-कंत्राटदाराकडून हे काम करून घेतले, त्यांचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे त्यांच्या काही चुका लिहायच्या आहेत आणि त्यांतील बहुतेक त्यांनी निस्तरल्याही आहेत. माझ्याविषयी एवढे सांगणे पुरे की मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे आणि कोणत्याही अंगणात गेलो की आधी ढाळ कुठे आहे ते पाहण्याची खोड मला आहे. त्यामुळे हे परीक्षण बागेच्या शोभेपेक्षा पाण्याच्या हिशेबाकडे अधिक झुकलेले आढळेल.

आमची वसाहत साडेतीन एकरांची, ४२ घरांची. मंजूर रेखांकनात सोडावी लागते ती दहा टक्के खुली जागा, म्हणजे १४ गुंठे, सर्वांत सखल कोपऱ्यात आहे. (प्लॉट पाडून वसाहत वसवणाऱ्याने चांगली जागा विकली आणि पाणी तुंबणारी तेवढी आमच्या गळ्यात मारली, असे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत आलो, या कामात नेमकी तीच गोष्ट पथ्यावर पडली.) एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. साडेतीन एकर म्हणजे १४ हजार चौरस मीटरांहून थोडे अधिक. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर सात लाख लिटर पाणी पडले. गच्च्या, सिमेंटचे रस्ते आणि फरशीची अंगणे यांमुळे त्यातील सत्तर टक्के तरी वाहून खाली येते, म्हणजे पाच लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजायचे तर तासाभरात पन्नास टँकर. हे सारे पाणी ज्या पाईपातून बाहेर जायचे तो बारा इंची आहे. आमच्याकडच्या ढाळाला तो तोंडोतोंड भरून वाहिला तरी तासाला दोन लाख लिटरांच्या आसपास नेतो आणि तेही पुढचा नाला मोकळा असेल तर. वळवाच्या पावसात पुढचा नाला कधीच मोकळा नसतो, कारण आजूबाजूच्या सगळ्या वसाहतींचे पाणी त्याच अर्ध्या तासात त्यात उतरलेले असते.

इतकी वर्षे आमच्या सभेत एकच ठराव होत असे: पाईप मोठा करून मिळावा. मोठा पाईप घातला की आमचे पाणी खालच्या वसाहतीच्या दारात लवकर पोहोचणार, एवढाच त्याचा अर्थ. शामरावनगरासारख्या सखल भागात दर पावसाळ्यात काय होते ते सांगलीकरांना सांगायला नको. वरच्या प्रत्येकाने आपले पाणी घाईघाईने खाली ढकलायचे ठरवले तर खालच्याने जायचे कुठे? खोलगट मैदानाची कल्पना याच्या उलट आहे. पाणी आपल्याच हद्दीत रात्रभर थांबवायचे आणि पुढचा नाला मोकळा झाला की सावकाश सोडायचे.

पहिल्या बैठकीत कंत्राटदारांनी लॅपटॉपवर रॉटरडॅमच्या बेंथेमप्लेन चौकाची छायाचित्रे दाखवली. २०१३ साली पूर्ण झालेला तो चौक तीन खोलगट भागांचा आहे. सर्वांत खोल भागात एरवी मुले बास्केटबॉल खेळतात आणि मोठ्या पावसात तिन्ही मिळून सतरा लाख लिटरांच्या आसपास पाणी धरतात. चित्रे सुरेख होती. मागच्या रांगेतून एका काकूंनी विचारले, “म्हणजे आमच्या मैदानात खड्डा काढायचा आणि त्याचे पैसे आम्हीच द्यायचे, असेच ना?” सभा हसली, पण नाव तेव्हापासून पडले ते पडलेच. फलकावर आम्ही ‘उद्यान’ लिहिले आहे. मुले मात्र “चल, खड्ड्यात खेळायला” असेच म्हणतात.

रॉटरडॅमचे उदाहरण सांगलीला चिकटवण्याबद्दल माझी आधी नाराजी होती. तेथे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, शहराचा बराच भाग समुद्रसपाटीखाली आहे आणि माती आमच्यासारखी नाही. विचार केला तेव्हा लक्षात आले की ही कल्पना उलट आम्हालाच अधिक मानवते. सांगलीचा पाऊस चार महिन्यांचा, त्यातही जोराच्या सरी मोजक्या. एक वळवात आणि दुसऱ्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीच्या पावसाबरोबर. जुलैची झड दिवसभर पिरपिरते, तिला पाईप पुरतो. म्हणजे वर्षातील फार तर दहा-पंधरा दिवस हे मैदान पाण्याखाली आणि उरलेले सारे वर्ष मोकळे. शिवाय पायऱ्यांवर बसायचे आणि पाणी चढले की दोन पायऱ्या वर सरकायचे, ही रीत कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. सरकारी घाटावर संध्याकाळी ज्या पायरीवर गप्पा रंगतात, ती ऑगस्टात पाण्याखाली असते आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

आता प्रत्यक्ष रचना. चौदा गुंठ्यांपैकी कडेचे पाच गुंठे मूळ पातळीवरच ठेवले आहेत. तेथे फिरण्याची वाट, बाके आणि झाडे आहेत आणि हा भाग कधीच बुडत नाही. त्याच्या आत पाच गुंठ्यांचा गवताचा भाग एक फूट खाली आहे. त्याच्याही आत चार गुंठ्यांचे सिमेंटचे क्रीडांगण जमिनीपासून तीन फूट खाली आहे. त्यावर बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉलच्या रेषा आखल्या आहेत आणि दोन बाजूंनी बसण्याच्या पायऱ्या आहेत. दोन्ही भाग तुडुंब भरले तर हिशेबाने पाच लाख लिटर पाणी राहते. आधी क्रीडांगण भरते, ते भरल्यावरच पाणी गवतावर चढते. बाहेर जाण्याचे तोंड मुद्दाम चार इंची ठेवले आहे, त्यामुळे पूर्ण भरलेले मैदान रिकामे व्हायला दहा-बारा तास लागतात. रस्त्याकडेचे चेंबर साडेचार फूट खोल असल्यामुळे पाणी आपल्या ढाळाने जाते. पंप नाही, वीज नाही, बटण दाबायला माणूस नाही. मुंबईत हिंदमाता परिसराचे पाणी घेण्यासाठी मैदानांच्या पोटात टाक्या बांधल्या आणि पंपांनी पाणी खेळवले, ते त्या दाटीत योग्यच असेल. वसाहतीच्या पातळीवर मात्र पंप म्हणजे ऐन पावसात वीज गेली की हात चोळत बसणे.

या कामातील सर्वांत चांगला निर्णय मातीविषयीचा होता आणि तो रॉटरडॅमहून आलेला नाही. पाणी साठले की जमिनीत मुरेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. सांगलीच्या काळ्या मातीत ती चालत नाही. काळी माती कोरडी असताना हाताएवढ्या भेगांतून पहिले पाणी घटाघट पिते आणि एकदा फुगली की लोण्याच्या गोळ्यासारखी मिटून जाते. मग वरचे पाणी खाली जात नाही आणि खालचे वर येत राहते. वसाहतीत आधी खोदलेले तीन शोषखड्डे ऑगस्टात काठोकाठ भरलेले मी स्वतः पाहिले आहेत. कंत्राटदारांकडील तरुण अभियंता वाळवा तालुक्यातील शेतकरी घराण्यातला निघाला. तो म्हणाला, “साहेब, आमच्याकडं चिबड रानात जे करतात तेच इथं करायचं.” उसाला वर्षानुवर्षे पाटाने पाणी देऊन चिबड, म्हणजे पाणथळ, आणि खारवट झालेल्या जमिनी सच्छिद्र पाईप पुरून पुन्हा लागवडीखाली आणण्याचे काम वाळवा-शिरोळच्या शेतकऱ्यांनी केलेले आहे. तीच पद्धत येथे गवताच्या भागाखाली वापरली: काळी माती दोन फूट उकरून काढली, तळाला ढाळावर सच्छिद्र पाईप टाकले, त्यांना गाळणकापड गुंडाळले, वर खडी, त्यावर वाळू आणि सर्वांत वर वाळू, पोयटा व शेणखत यांचे मिश्रण. पाऊस थांबल्यावर चार-पाच तासांत गवतावरून अनवाणी चालता येते. ज्यांनी सांगलीच्या काळ्या मातीत पाय रुतवून चप्पल गमावली आहे, त्यांना या वाक्याचे मोल कळेल.

क्रीडांगणाखालीही काळी माती काढून मुरमाचा भराव दिला आहे, पण तेथे हात आखडता घेतलेला दिसतो. दोन फूट मुरूम ठरला होता. उत्तरेच्या कोपऱ्यात तो दीड फुटांच्या आत आहे असा माझा अंदाज आहे, कारण पहिल्याच उन्हाळ्यात त्या कोपऱ्यातून सिमेंटला केसाएवढी भेग गेली आणि आता तिच्यात नखाचे टोक जाते. कंत्राटदार तिला ‘आकुंचनाची भेग’ म्हणतात. मी तिच्यावर पेन्सिलने तारखा लिहून ठेवतो.

पहिला पाऊस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी सहाच्या सुमारास आला. रंग पुरता वाळायचा होता आणि अर्धी वसाहत छत्र्या घेऊन काठावर उभी होती. पाणी दिसण्याआधी ऐकू आले. जाळीखालच्या चरातून घरघर येऊ लागली आणि मग वर्षभराची धूळ, कडुनिंबाचा मोहोर, गुटख्याच्या पुड्या आणि एक निळी स्लिपर घेऊन चहाच्या रंगाचा लोट क्रीडांगणात उतरला. बॅडमिंटनच्या रेषा एकेक करून बुडाल्या. कोणाचा तरी विसरलेला व्हॉलीबॉल मधोमध गोल गोल फिरत राहिला. कोपऱ्यात मी हट्टाने बसवून घेतलेला एक सिमेंटचा खांब आहे आणि त्याच्यावर फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. मुलांनी त्याचे नाव तिथल्या तिथे ‘आयर्विन’ ठेवले. एकजण ओरडे, “आयर्विनला किती फूट?” आणि बाकीचे एका सुरात सांगत, “दोन!” त्या दिवशी पाणी दोन फूट दोन इंचांवर थांबले, गवतावर चढलेच नाही. खालच्या गल्लीत घोट्याएवढे पाणी वीस मिनिटे राहिले आणि गेले. तेथील एक आजोबा वळीव सुरू होताच गहू-ज्वारीची पोती विटांवर चढवत असत. त्यांनी त्या दिवशीही सवयीने चढवली आणि रात्री उतरवून ठेवली. सकाळी क्रीडांगण रिकामे होते आणि तळाला गाळाचा पातळ थर होता. तो दुपारच्या उन्हात पापडासारखा कडा वळवून सुटला आणि खराट्याने निघाला.

गाळ इतका सहज निघाला, कारण तो थोडाच आत आला. उरलेला गाळखड्ड्यात अडकला. मूळ आराखड्यात गाळखड्डा नव्हता, तो मी घालायला लावला. घातला, पण त्याचे तोंड एवढे लहान ठेवले की आत माणूस वाकू शकत नाही आणि घमेले तिरके करूनही बाहेर येत नाही. सफाई करणारे मामा पत्र्याच्या डब्याने गाळ उपसतात आणि उपसताना कंत्राटदाराबद्दल जे बोलतात ते येथे लिहिण्यासारखे नाही. रचना करणाऱ्याने एकदा स्वतः तो खड्डा उपसून पाहिला असता तर ही चूक झाली नसती. दोनदा सांगूनही हे काम अद्याप तसेच आहे.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. बाहेर जाण्याच्या तोंडाची कड क्रीडांगणाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यापेक्षा दीड-दोन इंच वर बसली. सगळे पाणी जाई, पण त्या कोपऱ्यात दोन खाटांएवढे डबके राही. साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून अशा मैदानात पाणी दोन, फार तर तीन दिवसांत पूर्ण संपलेच पाहिजे हा या कामातला पहिला नियम आहे. जुलैत रोज सर येत असल्यामुळे डबके आटलेच नाही आणि घरोघर पाहणी करणाऱ्या आरोग्य कर्मचारी ताईंनी वाटीत अळ्या काढून माझ्यासमोर धरल्या. कंत्राटदारांना फोन केला; “उद्या माणूस पाठवतो” असे तीन आठवडे ऐकले. तोवर आम्ही आळीपाळीने खराट्याने पाणी लोटत होतो आणि मैदानाला विरोध केलेली मंडळी गॅलरीतून शांतपणे पाहत होती. शेवटी सिमेंटमध्ये खाच पाडून खालच्या पातळीवर दीड इंची पाईप बसवला आणि डबके संपले. अर्ध्या दिवसाचे काम होते. काम ताब्यात घेण्यापूर्वी टँकरचे पाणी ओतून पाहिले असते तर हे त्याच दिवशी दिसले असते. ती चाचणी मागायचे मला सुचले नाही, हा दोष माझाही आहे.

वासाची तक्रार मात्र कंत्राटदारांची नव्हती. पहिल्या महिन्यात क्रीडांगणाला मोरीसारखा वास येऊ लागला. चर उघडून पाहिले तेव्हा दोन घरांच्या न्हाणीघरांचे पाणी पावसाच्या चरात सोडलेले आढळले. ती घरे कोणाची हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. पावसाचे पाणी आणि सांडपाणी यांची गल्लत हा आपल्या शहरांचा जुना रोग आहे. शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या शेरी नाल्याचे पाणी कृष्णेत मिसळण्यावरून सांगलीत किती वर्षे चर्चा चालली आहे ते येथे सांगत बसत नाही. मुले ज्या जागेत हात-पाय टेकून खेळणार, तेथे सांडपाण्याचा एक थेंबही येता कामा नये. ती दोन्ही जोडण्या वसाहतीच्या खर्चाने बदलून घेतल्या, कारण खर्च कोणी करायचा यावर भांडत बसलो असतो तर दुसरा पावसाळाही गेला असता. अशी कल्पना मनात असलेल्या प्रत्येक वसाहतीने आधी धुराची किंवा रंगीत पाण्याची चाचणी करून आपले चर तपासावेत. आराखडा त्यानंतर.

खेळण्या-बसण्याची जागा म्हणून हे मैदान कसे आहे? माझ्या अपेक्षेपेक्षा चांगले. तीन फूट खाली असल्यामुळे शटलकॉक वाऱ्याने उडत नाही आणि चेंडू कोणाच्या काचेवर जात नाही, हे दोन्ही फायदे कोणी योजलेले नव्हते. संध्याकाळी मुले खेळतात तेव्हा पायऱ्यांवर आयांची बैठक असते. एप्रिलात त्याच पायऱ्यांवर साडी अंथरून कुरडया आणि सांडगे वाळतात, कारण सिमेंट तापते आणि खाली वारा नसल्यामुळे धूळ येत नाही. वरची वाट एका फेरीला दीडशे मीटर भरते आणि पहाटे पाचपासून तिच्यावर वर्दळ असते. खो-खो आणि कबड्डीवाल्यांचे मात्र नुकसान झाले आहे. त्यांना माती हवी; सिमेंटवर गुडघे फुटतात आणि गवताच्या भागात खांब रोवायला खालच्या पाईपांमुळे मनाई आहे. आमच्या भागात कबड्डीचे वेड किती आहे हे पाहता एक मातीचा पट्टा वरच्या पातळीवर राखायला हवा होता. आता तो करायचा तर झाडे काढावी लागतील. गणेशोत्सवाचा मांडवही पूर्वी याच जागेत मधोमध पडत असे. भाद्रपदात पावसाचा भरवसा नसतो, त्यामुळे तो आता वाटेवर, अरुंद जागेत पडतो आणि आरतीला माणसे पायऱ्यांवर उभी राहतात. पहिल्या वर्षी यावरून बरीच धुसफुस झाली. दुसऱ्या वर्षी आरतीच्या वेळी क्रीडांगणात फूटभर पाणी होते आणि त्यात समयांचे प्रतिबिंब पडले होते, तेव्हा तक्रार करणारेच फोटो काढताना दिसले.

लावलेल्या झाडांबद्दल दोनच ओळी. महागडे गालिच्यासारखे लॉन दोन बुडव्यांत कुजले आणि त्याच्या जागी हरळी आपणहून आली. वाळा, कर्दळ, अर्जुन, जांभूळ आणि करंज उत्तम आहेत.

सुरक्षिततेबद्दल माझे समाधान झालेले नाही. तीन फूट पाणी मोठ्या माणसाला कमरेपर्यंत येते; दोन वर्षांच्या मुलाचे डोके त्याखाली जाते. सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानात सिमेंटच्या कालव्याचे २०१२ मध्ये पुन्हा वळणावळणाच्या नदीत रूपांतर झाले आणि लोक अगदी पाण्याच्या काठाशी जाऊन बसू लागले. पण तेथे पाणी वाढू लागताच भोंगे वाजतात, दिवे लागतात आणि सूचना ऐकू येतात. आमच्याकडे पायऱ्यांच्या तोंडाशी एक साखळी आहे आणि ती लावायची आठवण रखवालदाराला झाली तर लागते. पाणी साठत असताना मुलांनी खाली जायचे नाही हा नियम फलकावर आहे. खांबाभोवतीच्या ओल्या पावलांवरून तो किती पाळला जातो ते कळते. दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या वर येणारा कठडा आणि आपोआप लागणारे फाटक हवे. कंत्राटदार म्हणतात की कठड्याने ‘दृश्य बिघडते’. बिघडू दे.

पाण्याचे काम म्हणून मी या मैदानाला पाचपैकी चार गुण देतो, विरंगुळ्याची जागा म्हणून साडेतीन आणि कामानंतरच्या सेवेला दोन. खर्च प्रत्येक घराला २८ हजार रुपये आला, म्हणजे एकूण पावणेबारा लाखांच्या आसपास. यात खोदाई, मुरूम, सिमेंट, पाईप, झाडे आणि सल्ल्याचे शुल्क आले; दोन जोडण्या बदलण्याचा खर्च वेगळा. ज्या घरांत पूर्वी दर दोन वर्षांनी पाणी शिरून दिवाण, फ्रीज आणि गाद्या बदलाव्या लागत, त्यांना ही रक्कम जड वाटली नाही. वरच्या गल्लीतील काहींना अजून वाटते आणि त्यांचेही अगदीच चुकते असे म्हणता येत नाही, कारण पाणी त्यांच्या गच्च्यांवरून येत असले तरी शिरत दुसऱ्याच्या घरात होते.

राहता राहिली नदी, आणि या शहरात ती शेवटी येतेच. दुसऱ्या पावसाळ्यात जुलैअखेर आयर्विनजवळची पातळी इशाऱ्याकडे सरकू लागली, तेव्हा एका सकाळी पाऊस नसताना आमच्या क्रीडांगणात चार बोटे पाणी दिसले. ते वरून आलेले नव्हते. कृष्णा चढली की तिला मिळणारे नाले उलटे फुगतात आणि ते पाणी पाईपांतून मागे सरकत जेथे सर्वांत खोल जागा मिळेल तेथे डोके काढते. आमच्या भागातील सर्वांत खोल जागा आता आम्हीच तयार करून ठेवली आहे. त्या वेळी पातळी उतरली म्हणून निभावले. मैदान वळवाचे पाणी धरण्यासाठी आहे, महापूर धरण्यासाठी नाही, हे मी सभेत तीनदा सांगितले. २०१९ सारखे पाणी आले तर पाच लाख लिटरांचा खड्डा म्हणजे हत्तीपुढे वाटी. पण नाल्याचे पाणी उलटे आत येऊ नये एवढे तरी आपल्या हातात आहे. त्यासाठी बाहेरच्या चेंबरमध्ये एकाच बाजूला उघडणारी झडप लागते. आतले पाणी तिला ढकलून बाहेर जाते आणि बाहेरचे पाणी तिला दाबून बंद करते. ती मूळ दरपत्रकात होती, बिलात होती आणि चेंबरमध्ये नव्हती. विचारल्यावर ‘माल आला नव्हता’ असे उत्तर मिळाले.

देखभालीचा वार्षिक करार येत्या एप्रिलमध्ये संपतो. कंत्राटदारांनी दहा टक्के वाढ मागितली आहे. गेल्या रविवारच्या सभेत ठरले ते असे: गाळखड्ड्याचे तोंड दोन फुटी करावे, कठड्याचे दरपत्रक द्यावे आणि झडप बसवून आमच्यासमोर टँकरने उलटे पाणी सोडून दाखवावे. धनादेशावर सही माझी लागते आणि चेंबरचे झाकण उचलायची पहारही माझ्याच घरी ठेवली आहे.